दोन यंत्रांची रुजवात

अनेकांनी मिळून खेळावयाच्या व्हिडिओ गेममधील दोष हुडकण्याचे काम मी पुण्यातील एका कंपनीत काही वर्षे केले. या दोषांपैकी अत्यंत चिवट असा जो दोष, म्हणजे दोन यंत्रांवरचा खेळ एकमेकांशी न जुळणे, ज्याला आम्ही ‘डीसिंक’ म्हणत असू, त्याच्या एका तपासाची ही हकीकत आहे.

आमचा खेळ सैन्ये लढविण्याचा होता. शेकडो सैनिकांची स्थिती क्षणोक्षणी इंटरनेटवरून पाठविणे परवडण्याजोगे नसल्यामुळे, १९९७ सालच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ने अवलंबिलेली पद्धतच आम्हीही स्वीकारली होती, म्हणजे खेळाडूंच्या केवळ आज्ञा परस्परांकडे जात आणि त्यांवरून प्रत्येक यंत्र संपूर्ण युद्धाचे गणित स्वतंत्रपणे, परंतु तंतोतंत सारखे, मांडीत असे.

तक्रार दाखल झाली ती अशी की, एका खेळाडूच्या पडद्यावर पुलावरचा भालाईत जिवंत होता आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तो केव्हाच धारातीर्थी पडला होता. कचेरीत दोन यंत्रे शेजारी ठेवून खेळावे, तर दोष काही केल्या प्रकट होईना. आणि निरीक्षणासाठी एक यंत्र मध्येच थांबवावे, तर दुसरे त्याची वाट पाहून अखेर जोडणीच तोडून टाकी. शेवटी, दर टिकला, म्हणजे खेळाच्या गणिताच्या प्रत्येक पायरीला, साऱ्या सैनिकांच्या स्थितीचा चेकसम, म्हणजे त्या स्थितीवरून निघणारा पडताळ्याचा एक आकडा, काढून तो दोन्हीकडे नोंदविण्याची व्यवस्था आम्ही केली, आणि खेळाडूंकडून आलेल्या नोंदींत ज्या टिकला पहिली तफावत पडली, त्या टिकची ओळीओळीने रुजवात घेतली. तेव्हा असे आढळले की, वाराचा निकाल ठरविणाऱ्या, दोन्ही यंत्रांवर सारख्याच असणाऱ्या रँडम आकड्यांच्या क्रमातूनच, धावत्या सैनिकांच्या पायांखालच्या धुळीसाठीही एक आकडा उचलला जात होता. आणि धूळ तर ज्याच्या पडद्यावर पूल दिसत होता, त्याच्याच यंत्रावर उडत होती. तेथून पुढे एका यंत्राचा क्रम एका आकड्याने सरकला आणि वारांचे निकाल दोन्हीकडे निराळे लागू लागले. कचेरीत आम्ही दोघेही परीक्षक एकाच पुलाकडे टक लावून बसत असल्यामुळे धूळ दोन्हीकडे सारखीच उडे, आणि म्हणूनच दोष दडून राही.

धुळीला स्वतंत्र क्रम देताच तक्रार मिटली. या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आज्ञांची आणि चेकसमची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा; आणि दोन खेळाडूंच्या जबान्या परस्परविरोधी आल्या, तर त्यांपैकी एक खोटी ठरविण्यापूर्वी दोघांच्याही यंत्रांतील नोंदी मागवून घ्या.