वांग्याचा बोकड्या

कोकणात ज्यांच्या परसात वांग्याचे वाफे होते, त्या वाचकांना बोकड्या आठवत असेल. चांगले वाढीला लागलेले झाड बारीक बारीक पानांचा झुबका धरते आणि मग त्याला वांगे म्हणून धरत नाही. आमची आजी असे झाड दिसताच मुळासकट उपटून जाळून टाकी. आम्हां मुलांना हळहळ वाटे, कारण ते झाड मेलेले नसे. उलट वाफ्यात सर्वांत दाट तेच दिसे.

शालेय शिक्षण संपवून आम्ही देश सोडला, परिचारिका झालो आणि निवृत्त होईपर्यंत माणसांची शुश्रूषा केली. आता बागेचा नाद लागला, तेव्हा या रोगाची माहिती वाचली. युरोपात झाडावरच्या अशा झुबक्याला चेटकिणीचा झाडू म्हणत. काही झाडू बुरशीमुळे होतात. बाकीचे विषाणूंचे काम असावे, असा बरीच वर्षे समज होता. १९६७ साली जपानमध्ये डोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुतीच्या अन्नरसाच्या नळ्यांत वेगळेच जंतू पाहिले. त्यांना पेशीची भिंत नसते. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात.

येथे आमचे जुने ज्ञान कामी आले. पेनिसिलिन जंतूला भिंत बांधू देत नाही. ज्याला भिंतच नाही, त्याचे ते काय बिघडवणार? मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात ते चालत नाही, ते याच कारणाने. टेट्रासायक्लिन दिले तर झाड सुधारते, पण औषध थांबले की रोग पुन्हा डोके वर काढतो.

रोग पसरवतात ते रस शोषणारे तुडतुडे. इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी २०११ ते २०१४ या काळात दाखवले, की हा जंतू झाडात स्वतःची प्रथिने सोडतो. एकामुळे फांद्यांवर फांद्या फुटतात, तर दुसऱ्यामुळे फुलांची पाने होतात. तिळावर हा रोग पडला की फुलांच्या जागी हिरवा गुच्छ येतो आणि बोंडात दाणा भरत नाही. ज्यांचे पूर्वज शनिवार तेली म्हणून घाण्यावर बसले, त्यांना हे नुकसान समजावून सांगायला नको.

आमची एक मैत्रीण सौदी अरबस्तानात परिचारिका होती. अल खोबरजवळ अल अझीझियाला तिचे बिऱ्हाड होते. सुट्टीत ती अल अहसाच्या खजुरी पाहून येई आणि पत्रातून वर्णन कळवी. त्या मरुवनात सुमारे पंचवीस लाख खजुरी आहेत. तेथे 'अल विजाम' नावाचा रोग आहे: झाड खुजे राहते, पानांवर पिवळे पट्टे उठतात, घड लहान होतात. २००७ साली संशोधकांनी त्याचा संबंध फायटोप्लाझ्माशी जोडला. शेजारच्या ओमानमध्ये १९७० च्या दशकापासून झाडूरोगाने कागदी लिंबाच्या बागा उजाड केल्या. १९९९ साली या रोगाची नोंद भारतातही झाली. लिंबावर तो पसरवणारा तुडतुडा आणि आपल्या वांग्यावर बोकड्या आणणारा तुडतुडा एकाच जातीचे!

उपाय थोडेच आहेत. उसाच्या गवताळ वाढीवर महाराष्ट्रात बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवतात. आम्हांला आमच्या हत्यारांचे निर्जंतुकीकरण आठवले. पण उभ्या झाडाला तसे तापवता येत नाही. वॉर्डात संसर्गाचा रोगी आम्ही वेगळ्या खोलीत ठेवीत असू आणि त्याचीही तितकीच सेवा करीत असू. वाफ्यात वेगळी खोली नाही. त्या झाडावर बसलेला तुडतुडा पुढे शेजारच्या झाडावर बसतो. म्हणून शेतकऱ्याला ते जिवंत झाड उपटावेच लागते. इतकी वर्षे रोग्याला वाचवायला शिकलेल्या आमच्या हातांना हे जड जाते, तरीही आजीचे करणे बरोबर होते.

वाचकांना एक विनंती. गावच्या लिंबाची चव परदेशी अंगणात यावी, असे कोणाला वाटत नाही? परंतु येताना पिशवीत फांदी किंवा कलम लपवून आणू नका. ते वरून निरोगी दिसले, तरी आत जंतू असू शकतो. तुडतुड्याला समुद्र ओलांडणे कठीण; आपली पिशवी मात्र एका रात्रीत ओलांडते. विमानतळावरील वनस्पती तपासणी खात्याला आधी विचारा, परवानगी असेल तरच आणा. नसेल तर येथल्याच रोपवाटिकेतले लिंबू लावा. आपल्या लोणच्याला तेही चांगले लागते.