पिलांचे पाणी

मुळशीच्या माशांच्या पिलांना खोल डोह नको असतो. गुडघाभर, हळू वाहणारे पाणी लागते. तळाला गोटे, काठाला गवत किंवा झाडाची बुडलेली मुळे. मोठा मासा तिथे शिरत नाही.

मुळा नदीचा घाटाजवळचा असा पुष्कळ भाग टाटांच्या धरणात गेला. 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. आंबेमोहोराची खाचरे बुडाली. नदीचे उथळ काठ त्यांच्यासोबत बुडाले.

1927 पासून धरणाचे पाणी पूर्वेला न जाता पश्चिमेला, कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते. खालच्या मुळेला सांडव्याचे आणि ओढ्यांचे तेवढे मिळते.

धरणाच्या फुगवट्याला कायमचा काठ नाही. पावसाळ्याअखेर पाणी गवतापर्यंत येते. उन्हाळ्यात ते खाली जाते आणि मधे उघड्या मातीचा रुंद पट्टा उरतो. तिथे ना गवत, ना मुळे.

कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची यादी 1839 मध्ये छापली. कितीतरी माशांची इथली नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली: मळ्या, खुद्री, कोळस, नुक्ता. मळ्या अजून ओढ्यांतल्या दगडांना चिकटलेला दिसतो. नुक्ता संकटग्रस्त आहे.

1938 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ होरा यांनी एका छोट्या माशाला पुण्याचे नाव दिले, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. छातीवरच्या घड्यांनी तो खळाळत्या पाण्यातला दगड धरून राहतो. त्याला स्वच्छ दगड लागतो. पुणे शहरातल्या मुळा-मुठेच्या दगडांवर आज गाळ आणि सांडपाणी आहे.

खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात 1970च्या दशकापासून त्याची बोटुकली वाढवतात. ती देशभर गेली. कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळचा कुबडाचा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत हा परका महसीरही मोजला जातो.

चिलापी 1952 मध्ये भारतात आली. तिचा नर उथळ तळ खोदून बशीसारखे घरटे करतो आणि राखतो. मादी अंडी तोंडात सांभाळते. तिला हवा तो काठ इथल्या पिलांनाही हवा असतो.

मरळीची पिले लालसर झुंडीने पृष्ठभागाजवळ फिरतात. खाली नर-मादी राखण करतात. झुंड लांबूनही दिसते. मच्छरदाणीचे कापड एकदा टाकले की सगळी झुंड येते.

खाचर हे पिलांचे सर्वांत चांगले घर होते. पहिल्या पावसात मासे ओढ्यातून बांधाच्या तोंडाने आत चढत आणि भातात अंडी घालत. पिले रोपांच्या मुळांशी वाढत, पाणी उतरताना नदीला परत जात. आता पौड-पिरंगुटच्या बाजूला कित्येक खाचरांवर कारखाने आणि गोदामे आहेत, धरणाच्या बाजूला बंगले. भरावाच्या भिंतीला तोंड नसते.

चढण अजून लागते. जूनमध्ये ओढा गढूळ झाला की मासे वर निघतात आणि लोक ते काठ्यांनी, कोयत्यांनी, जाळ्यांनी मारतात. मारलेल्या माद्यांच्या पोटात अंडी असतात. पूर्वी खाचरे पुष्कळ होती, मारूनही मासे उरत. आता तेवढी खाचरे नाहीत. चढणीचे मासे मारणे थांबवायला हवे.