दळतंय की शिट्टी मारतंय?

आमच्या पिढीने मशीनचा आवाज कानाने मोजला. भोसरीतल्या शेडमध्ये आम्ही कामाला लागलो, तेव्हा मेंटेनन्सच्या मिस्त्रींकडे त्यासाठी एकच उपकरण होतं, लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर आणि डोळे मिटलेले. शेजारी दोन प्रेस धडधडत असायचे, तरी आम्ही पोरं हातातला पान्हा खाली ठेवायचो नाही, वाजेल म्हणून! मग निकाल यायचा. "दळतंय" म्हणजे बेअरिंग गेलं, "शिट्टी मारतंय" म्हणजे ग्रीस संपलं.

आता साउंड लेव्हल मीटर येतो. आधी कॅलिब्रेटर लावून तो ९४ डेसिबल बरोबर दाखवतो का ते बघायचं, मग स्पंजची टोपी चढवायची, मशीनपासून एक मीटरवर ट्रायपॉडवर उभा करायचा. डोळे मिटायची सोय नाही; आकडा वाचायचा असतो.

खरं सांगायचं तर मिस्त्री चुकायचेही. त्यांच्या शब्दाखातर आम्ही एकदा अख्खा गिअरबॉक्स उघडला. आत सगळं ठणठणीत, ढिला होता तो बाहेरच्या गार्डचा बोल्ट. कानात कापूस घालणारा तेव्हा नाजूक ठरायचा. निवृत्त होईतो बेअरिंगची कुजबुज ओळखणाऱ्या मिस्त्रींना बायकोची हाक ऐकू येईनाशी झाली होती.

आजच्या पोरांना ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, हा हिशेब पाठ असतो. कंप्रेसरकडे जाताना ती इअरमफ चढवतात. आम्ही वरवर हसतो, मनातून हेवा करतो. मग उगाच कुरकुरतो की मीटर आवाज किती ते सांगतो, कसा ते नाही; ८८ च्या आकड्यात दळणंही मावतं नि शिट्टीही. पण 'कसा' सांगणारी, आलेख काढणारी यंत्रंही आहेतच. म्हणजे ही तक्रारसुद्धा टिकत नाही.

नव्या रीतीत भोवतालचा आवाजही मोजतात. त्यासाठी मशीन बंद करायचं; दोन आकड्यांत दहा डेसिबलचं अंतर नसेल, तर वजावट करायची. परवा असंच सगळं थांबवलं. आकडा लिहिता लिहिता पोरगा म्हणाला, "किती शांत वाटतंय ना, सर?"

मी मान डोलावली. माझ्या कानात मशीन चालूच होतं, बारीक शिट्टी मारत. मिस्त्री असते तर म्हणाले असते, ग्रीस संपलंय.