ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे

बसवनगुडी, बेंगळुरू

ती. आत्यास,


ह्यांच्या गळ्यातली गाठ साधी निघाली, हे तुला फोनवर सांगितलंच. तेव्हा तू म्हणालीस, "पांडुरंगाला सगळं ठाऊक होतं, तूच उगाच जीव टांगणीला लावून घेतलास." त्यावर मी गप्प बसले, पण ते मनातून जात नाही.

त्याला ठाऊक होतं, हे मी मानते. पण ज्याला ठाऊक होतं, त्याला आमचे ते दिवस कळले असतील का? बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा होता. हॉस्पिटलच्या बाकावर हे पार्किंगची पावती पुन्हा पुन्हा वाचत बसले होते; गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, मागे बारीक अक्षरांत छापलेल्या सूचनासुद्धा. पुढचं माहीत नव्हतं, म्हणून तर ती भीती होती. निकाल आधीपासून ज्याच्या हाती आहे, त्याला ती आतून कशी कळावी? अगं, मी ती भोगली आहे, तरी निकाल कळल्यापासून ती जशीच्या तशी आठवायला गेले तर हाती लागत नाही. जाणण्यानेच ती पुसली गेली.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका माध्व आहेत, उत्तरादि मठात नेमाने जाणारे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, जिवाचं दुःख भगवंताला पुरतं ठाऊक असतं, पण त्याला ते शिवत नाही. शिवलं तर तो निर्दोष कसा राहील? तर्क चोख आहे, आणि तरी माझं समाधान झालं नाही. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. त्या पाहणाऱ्याला चव कळते का, एवढंच मला विचारायचं आहे.

शंकरपुरमच्या शंकर मठावरून गेले की हल्ली मला शंकराचार्यांची ती कथा आठवते. मंडनमिश्रांना त्यांनी वादात जिंकलं, पण मंडनांची पत्नी उभयभारती हिने कामशास्त्रावर प्रश्न विचारले आणि संन्यासी अडला. इथे तिला शारदेचा अवतार मानतात. म्हणजे साक्षात विद्येच्या देवतेनेच बजावलं, की पोथीतलं जाणणं पुरत नाही. मग अमरुक राजाच्या मृत देहात शिरून त्यांनी संसार अनुभवला. शंकरदिग्विजयातला पुढचा भाग मला सगळ्यांत खरा वाटतो: त्या देहात ते असे रमले, की आपण कोण हेच विसरले. शिष्यांना गायकांच्या वेषात येऊन आठवण करून द्यावी लागली. स्त्रीराज्यात गुंतलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखनाथांनी जागं केलं, तसंच. अनुभव हवा असेल, तर विसरावं लागतं. सर्वज्ञपण अंगावर ठेवून माणूस होता येत नाही.

म्हणून मला आपल्या संतांचं फार वाटतं. त्यांना देवाचं नुसतं जाणणं पुरलं नाही. त्यांनी त्याला जनाबाईच्या जात्यावर बसवलं, शेण्या वेचायला लावलं, खांदे दुखेपर्यंत राबवलं. आणि पुंडलिकाने तर आईवडिलांच्या सेवेत असताना वीट फेकून त्याला चक्क थांबायला सांगितलं.

आषाढीला तुमच्या फडावर जाशील, तेव्हा महाराजांना माझ्या वतीने विचार: पुंडलिक कधी मोकळा होणार, हे विठोबाला ठाऊक होतं का? ठाऊक असेल, तर त्याला वाट पाहणं म्हणता येईल का? मला वाटतं, विटेवर पाय ठेवताना त्याने ते ठाऊक असणं बाजूला ठेवलं असावं. महाराज काय म्हणाले ते फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझी,
बेबी