मार्चचे पंधरा दिवस

करोनाच्या दिवसांविषयी आता कुणी फारसे बोलत नाही. आमच्या महाविद्यालयात नव्याने येणारी मुले तेव्हा शाळेत होती. त्यांना आठवतात ते मोबाईलवरचे वर्ग आणि न झालेल्या परीक्षा. शिक्षकांच्या खोलीत विषय निघालाच तर 'ते दिवस नकोत' असे म्हणून कुणीतरी चहा मागवते आणि बोलणे दुसरीकडे वळते. मलाही तो विषय नकोसाच वाटतो. पण माझे कारण थोडे वेगळे आहे. त्या दीड-दोन वर्षांत मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते इतके गाणे ऐकले. चहूकडे माणसे मरत असताना मी अनेक संध्याकाळी सुखात होते, हे सांगायला संकोच वाटतो. या सुखाचा खर्च कुणी सोसला, हे सांगायला त्याहून अधिक वाटतो.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागाच्या कडेला आहे. पलीकडच्या गल्ल्यांतून यंत्रमाग चालतात. त्यांची खटखट इतकी अखंड असते की ती ऐकू येत नाही. पाहुणे आले आणि त्यांनी विचारले, तरच आपल्याला आठवण होते. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांत माग थांबले आणि पहिल्यांदाच मला तो आवाज 'ऐकू' आला. म्हणजे तो नाही हे ऐकू आले. रात्री स्टेशनकडून येणारी गाड्यांची शिटीही थांबली होती. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली तेव्हापासून देशभरातील प्रवासी गाड्या एकाच वेळी अशा बंद होण्याची ती पहिलीच वेळ. रेल्वेतील माणसाच्या घरात वाढलेल्या मला ही शांतता फार जवळची कुणी व्यक्ती अबोल व्हावी तशी वाटली.

माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. पगार बेताचा, पण वर्षाकाठी मिळणारे पास हेच आमचे वैभव. इतर लोक पासावर तिरुपतीला, काशीला जात; वडील गाण्याला जात आणि बरोबर मला नेत. मिरजेला जायचे तर सोलापूरहून कुर्डूवाडी आणि तेथून पुढे बार्शी लाइटची छोटी गाडी. अडीच फुटी रुळांवरून ती पंढरपूर, सांगोला करीत अशा गतीने जाई की खाली उतरून शेंगा घ्याव्यात आणि पुन्हा चढावे. वडील म्हणत, ही विलंबित लयीतली गाडी आहे. घाई करणाऱ्याने यात बसूच नये. आज तो मार्ग रुंद झाला आहे, आणि सोलापूरहून मंगळवेढा-सांगोल्यावरून जाणारा मोठा रस्ताही झाला आहे. मोटारीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला मिरजेत असतो.

आम्ही जात असू ते मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तेथेच विसावले आहेत. मिरजेत सांगितली जाणारी हकिगत अशी, की प्लेगच्या साथीत खाँसाहेबांना लागण झाली, त्यांनी दर्ग्यात गाऊन दुवा मागितली आणि ते बरे झाले. तेव्हापासून दर उरुसाला तेथे गायचे असा त्यांनी नेम धरला. १९३७ साली पाँडिचेरीकडे जात असताना सिंगपेरुमाळकोइल नावाच्या एका लहानशा स्टेशनवर त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेला आणण्यात आले. त्यांच्यामागे शिष्यांनी आणि चाहत्यांनी हा नेम चालू ठेवला. तिथे तिकीट नसते आणि मानधनाचा प्रश्न नसतो. वडील मला ही हकिगत दरवेळी गाडीत सांगत, आणि शेवटी म्हणत, 'साथीतून वाचलेल्या माणसाने काय करायचे असते? घेतलेले परत करायचे असते.' लहानपणी या वाक्यात मला केवळ भाविकपणा दिसे. त्याचा हिशेबी अर्थ कळायला मला २०२० साल उजाडावे लागले.

टाळेबंदीत माझ्या मोबाईलवर काय नव्हते? मल्लिकार्जुन मन्सूर होते, केसरबाई होत्या, किशोरीताई होत्या. कुणा अनामिक रसिकाने पन्नास वर्षांपूर्वी टेपवर उतरवून घेतलेल्या खासगी बैठका होत्या. ज्या मैफलींना जायचे तर आधी वीस वर्षे जन्म घ्यावा लागला असता, त्या ओट्यावर भाजी चिरता चिरता मी ऐकत होते. वामनराव देशपांड्यांची 'घरंदाज गायकी' एम.ए.च्या वेळी वाचली होती, ती पुन्हा काढली आणि त्यातील एकेक विधान ध्वनिमुद्रणांवर ताडून पाहिले. अभ्यास झाला, यात शंका नाही. परंतु हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. कुकरची शिटी झाली की मी मन्सूरांना मध्येच थांबवत होते. आलाप लांबला तर बोटाने पुढे सरकवत होते. समोरच्या सतरंजीवर बसून ज्या माणसापुढे खोकायलासुद्धा मी धजले नसते, त्याला मी नळासारखे चालू-बंद करीत होते. 'क्या बात है' असे शब्द तोंडातून आले तरी ते ऐकायला भिंतीवाचून कुणी नव्हते. दाद ही गायकाला परत दिलेली वस्तू असते. येथे सगळे येतच होते, जात काहीच नव्हते.

त्याच काळात एकामागून एक बातम्या येत होत्या. १७ ऑगस्ट २०२० रोजी पंडित जसराज अमेरिकेत न्यू जर्सी येथे गेले. २५ एप्रिल २०२१ रोजी राजन मिश्र करोनाने दिल्लीत गेले, आणि राजन-साजन या जोडनावातला अर्धा आवाज उणा झाला. पुण्यात १९५३पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे झाला नाही. व्हॉट्सॲपवर मात्र धीर देणारे संदेश फिरत होते. त्यांत कुमार गंधर्वांची गोष्ट हमखास असे: क्षयाने पछाडलेला तरुण गायक १९४८ साली देवासला येऊन राहतो, कित्येक वर्षे गाऊ शकत नाही, अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकतो, आणि उठतो तो नवे संगीत घेऊनच. तात्पर्य असे, की आजारपण आणि एकांत यांतून सर्जन होते. तेव्हा घरात बसा आणि सर्जनशील व्हा.

ही गोष्ट खरी आहे. पण आपण ती अर्धीच सांगतो. त्या वर्षांत देवासच्या घरात भानुमतीबाई होत्या. त्या शुश्रूषा करीत होत्या आणि शाळेत नोकरी करून घरही चालवत होत्या. कुमारांच्या मौनाला कुणाच्या तरी पगाराचा आधार होता. ज्याचे घर त्याच्या रोजच्या वाजवण्यावर चालते, त्याचे मौन सर्जनशील होत नाही. ते नुसते मौन राहते. हे मला पुस्तकात सापडले नाही. ते आमच्या गल्लीच्या टोकाशी राहत होते.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. आठवड्यातून तीन दिवस ती तबला शिकायला जाई. तिचे सर पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. मराठी खास सोलापुरी. दोन भाऊ माग चालवत आणि हे तबला. भजनी मंडळ, शाळेचे स्नेहसंमेलन, गणपतीतील वाद्यवृंद, कुणाकडे सत्यनारायण, कानडी नाटकाची साथ. शहरात जेवढ्या भाषा आहेत तेवढ्या भाषांत ते वाजवीत. तीनताल त्यांना मागाने शिकवला असे ते हसत सांगत: धोटा इकडून तिकडे जातो त्यात लय चुकली की सूत तुटते, तबल्यात निदान तुटल्याचे लगेच दिसत नाही! महिन्याची फी पाचशे रुपये.

मार्च २०२०च्या मध्यावर शिकवणी थांबली. एप्रिलमध्ये सरांनी फोनवर शिकवून पाहिले. आवाज मागेपुढे येई, सम कुठे पडली ते कळेना. दोन आठवड्यांत तेही बंद झाले. वर्ग नाही म्हणून मी फी दिली नाही. हा निर्णयसुद्धा नव्हता. निर्णय घेतला असता तर निदान त्यावर विचार तरी झाला असता. मला तो खर्च आठवलाच नाही. त्याच काळात माझा पगार मात्र दर महिन्याला येत होता. मी घरातून 'स्मृतिचित्रे' शिकवत होते. प्लेगच्या दिवसांत परक्या माणसांची सेवा करणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांविषयी काळ्या चौकोनांपुढे बोलत होते. समोरच्या साठ मुलांपैकी किती जण ऐकत होते कुणास ठाऊक. एक मुलगा मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरून 'मॅडम, रेंजसाठी झाडावर बसलोय' असे लिहून कळवी. थोडक्यात, माझेही शिकवणे सरांच्या शिकवण्याइतकेच मोडकेतोडके चालले होते. एकाचे पैसे थांबले, दुसरीचे थांबले नाहीत.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती. आदल्या दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपूरला गेल्या. दूरचित्रवाणीवर फुलांनी सजवलेली ती बस पाहताना घरातली सगळी माणसे हात जोडून उभी राहिली. ते योग्यच होते; साथीत दुसरा मार्ग नव्हता. पण दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी आमच्या शहरातून जाते, तेव्हा टाळ-मृदंगाचा नाद आधी ऐकू येतो आणि पालखी नंतर दिसते. वारीत चालणे हे पोहोचण्याचे साधन नसते. अभंगाची लयच पावलांची असते. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी रस्ता रिकामा होता. वडील असते तर म्हणाले असते, की विठोबा घरबसल्या भेटू लागला तर माणूस त्याला चालू-बंद करू लागेल. ते २०१४ सालीच गेले, हे तेव्हा प्रथमच बरे वाटले.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. आषाढीच्या आधी शेगावची पालखी सोलापुरात आली तेव्हा मी गर्दीत उभी होते. स्थानिक भजनी मंडळे स्वागताला आली होती आणि त्यांतल्या एकात सर गळ्यात मृदंग अडकवून वाजवत होते. अंगाने उतरले होते. विसावा झाला तशी मी पुढे गेले. 'चाललंय की ओ मॅडम,' ते म्हणाले. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचे काम धरले होते. सकाळी जायचे, रात्री यायचे. तबल्याची एक जोडी विकली होती, एक ठेवली होती. शिकवण्या? 'आता मुलं मोबाईलवर शिकत्यात की.' त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पाकिटात चौदा महिन्यांची फी होती. हा आकडा कुठून काढला हे आज मला सांगता येणार नाही, बहुधा स्वतःशी घासाघीस करूनच काढला असावा. सरांनी पाकीट उघडले, मोजले आणि खाली ठेवले. मग भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेकडे पाहावे तसे वर पाहिले. 'मार्चचे पंधरा दिवस झाले होते,' ते म्हणाले. 'तेवढे द्या.' अडीचशे रुपये त्यांनी काढून घेतले आणि उरलेले पाकीट माझ्या हातात परत दिले. आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला. मुलगी काय करते असे विचारले. ती नववीत होती आणि तबला सुटला होता. 'हात चांगला होता तिचा,' एवढेच ते म्हणाले.

हे मी कुणाला सांगितले की ऐकणारा सरांच्या स्वाभिमानाचे कौतुक करतो. मलाही काही दिवस तसे वाटले, कारण कौतुक करणे सोपे असते. पण त्यांनी मोठेपणा दाखवला नव्हता. त्यांनी फक्त हिशेब बरोबर केला होता: जेवढे शिकवले तेवढ्याचे घेतले. जे शिकवताच आले नाही त्याचे पैसे देऊन मी माझ्या मनातून जे पुसू पाहत होते, ते पुसायला त्यांनी नकार दिला. एप्रिल २०२०मध्ये तेच पाचशे रुपये घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले असते तर कदाचित त्यांनी ते उसने म्हणून घेतले असते. दोन वर्षांनी ते दान झाले होते.

गेल्या खेपेला मिरजेला मोटारीने गेले. वाटेत मंगळवेढे लागते. दुष्काळात बादशाही कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे गाव. याच मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतांतले भोपळे मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. आमच्या जिल्ह्याची माती ज्यात घुमते अशा तंबोऱ्यांपुढे मी इतकी वर्षे बसत आले, पण रस्त्याने जाताना शेताकडे कधी निरखून पाहिले नव्हते. दर्ग्यात रात्री एक तरुण गायिका गात होती. तिचे गाणे चांगले होते. माझे डोळे मात्र पुन्हा पुन्हा तिच्या उजवीकडे बसलेल्या तबलजीकडे जात होते. वय असेल पन्नाशीचे. ठेका एकसारखा, कुठेही पुढेपुढे न करणारा. त्याचे नाव सुरुवातीला सांगितले गेले होते. नेहमीच्या सवयीने मी ते ऐकले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर गर्दी गायिकेभोवती जमली, तेव्हा मी त्याच्यापाशी गेले आणि नाव विचारले. तो हातोडी पिशवीत ठेवत होता. त्याने नाव सांगितले, मग कुठून आलात असे विचारले. मी म्हटले, सोलापूरहून. 'मोठा प्रवास झाला की,' तो म्हणाला.

मोटारीने चार तासांचा. पण मी काही बोलले नाही.