पाच महिने पंचवीस दिवस

मुलं अमेरिकेत आणि आईवडिलांकडे ग्रीन कार्ड, अशा घरांमध्ये एक वेगळंच पंचांग चालतं. त्यात पाडवा, गणपती, दिवाळी सगळं असतं, पण सगळ्यांच्या वर असते 'परत जायची तारीख'. ती साधारण पाच महिने पंचवीस दिवसांनी येते. का? तर "सहा महिन्यांच्या आत एकदा अमेरिकेत पाय लावून यायचं, की कार्ड सेफ." हे वाक्य मी एडिसनच्या देवळात ऐकलंय, पुण्यात लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा विमानात शेजारच्या काकूंकडून व्हीलचेअर बुक करायच्या टिप्ससकट ऐकलंय. :)

वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि जेमतेम अर्धं खरं आहे. मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आईबाबांच्या कार्डापायी हे नियम मला नीट वाचावे लागले. म्हटलं, या विकांताला लिहूनच टाकू.

आधी हे सहा महिने आले कुठून ते बघू. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर कायदा तुम्हाला 'घरी परतलेला माणूस' न मानता 'नव्याने प्रवेश मागणारा' मानू शकतो, म्हणजे चौकशी जास्त. दुसरं, नागरिकत्वासाठी जी सलग पाच वर्षं मोजतात, ती सहा महिन्यांहून लांब गैरहजेरीत तुटली असं गृहीत धरतात. तुटली नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. आणि वर्ष उलटलं, तर नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. आकडे आहेत ते एवढेच. सहा महिन्यांच्या आत आलात की कार्ड सुरक्षित, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मग कायदा बघतो काय? तुमचं कायमचं घर कुठे आहे, आणि बाहेर गेलात ते 'तात्पुरते' गेलात का. यावर १९७५ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे, 'मॅटर ऑफ केन' नावाचा. मूळच्या जमैकाच्या एक बाई. वर्षातले अकरा महिने जमैकात राहून तिथलं स्वतःचं लॉजिंग चालवायच्या आणि महिनाभर अमेरिकेत येऊन जायच्या. दरवर्षी येत होत्या, कधी वर्ष उलटू दिलं नाही. तरी निकाल विरोधात गेला. त्यांचं घर, धंदा, रोजचं आयुष्य सगळं जमैकात, अमेरिका ही भेटीची जागा. थोडक्यात, 'पाय लावून येणे' ही युक्ती पन्नास वर्षांपूर्वीच कोर्टात जाऊन आपटलेली आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर कार्ड म्हणजे टोकन. त्यावर छापलेली दहा वर्षांची तारीख ही त्या प्लास्टिकची एक्सपायरी. स्टेटस बसलंय सर्व्हरवर, आणि टोकनची तारीख शिल्लक असताना सेशन रद्द होऊ शकतं. उलटही खरं आहे. कार्डाची तारीख संपली म्हणून स्टेटस जात नाही, फक्त कार्ड नवं करावं लागतं.

कॅनडाचा नियम याच्या अगदी उलट, इंजिनिअरला आवडेल असा. पाच वर्षांत ७३० दिवस देशात काढा, बस. मोजा आणि सांगा. (नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर परदेशात काढलेले दिवसही त्यात धरतात.) अमेरिकेने मोजण्याऐवजी हेतू विचारायचं ठरवलं. आणि हेतूला युनिट टेस्ट लिहिता येत नाही.

हेतू दिसतो तो कागदांवरून. अमेरिकेत राहता का, नोकरी किंवा घर आहे का, बँक खातं वापरात आहे का, ड्रायव्हिंग लायसन्स आहे का, गेलात ते कशासाठी, परतीची वेळ ठरलेली होती का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टॅक्स. ग्रीन कार्डवाल्याने जगभरचं उत्पन्न अमेरिकेला सांगायचं असतं, म्हणजे पेन्शनही आली आणि महाराष्ट्र बँकेतल्या एफडीचं व्याजही आलं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची वेगळी माहिती द्यावी लागते. काही मंडळी "आम्ही तर भारतातच असतो" म्हणून नॉन-रेसिडेंटचं रिटर्न भरून मोकळी होतात. तसं करणं म्हणजे आपण इथे राहत नाही हे सहीनिशी लिहून देण्यासारखं आहे.

खरोखरच जास्त दिवस जायचं असेल तर सरळ रस्ता आहे: री-एन्ट्री परमिट. फॉर्म आय-१३१. अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, पुण्यात बसून नाही. बोटांचे ठसेही साधारणपणे इथेच द्यावे लागतात. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, आणि गेल्या पाचपैकी चार वर्षांहून जास्त बाहेर काढली असतील तर सहसा एकाच वर्षाचं. परमिट म्हणजेसुद्धा हमी नाही, पण 'मी परत येणार आहे' हे आधी सांगून गेल्याचा पुरावा आहे. आजारी सासूची सेवा, वडिलोपार्जित जमिनीची केस, अर्धवट राहिलेली डिग्री, अशांसाठी ते फार उपयोगी.

आणि हाताबाहेरच्या कारणाने अडकलात तर वकिलातीत 'रिटर्निंग रेसिडेंट' व्हिसा मागता येतो, एसबी-१. मार्च २०२० मध्ये भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती थेट मार्च २०२२ मध्ये पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात खास विमानं होती, पण सत्तरीतल्या माणसाने त्या दिवसांत वीस तासांचा प्रवास करावा असं कोण म्हणेल? अशा वेळी 'मला यायचं होतं, येता आलं नाही' हे सिद्ध करायची सोय कायद्यात आहे.

आणखी एक, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. विमानतळावर अधिकाऱ्याला शंका आली तर तो आय-४०७ हा फॉर्म पुढे करू शकतो, म्हणजे 'मी स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडतो'. त्यावर सही करायची सक्ती नाही. नाही म्हणून इमिग्रेशन जज्जासमोर सुनावणी मागता येते, आणि तिथे तुम्ही घर सोडलं हे सिद्ध करायचा भार सरकारवर असतो. लांबच्या प्रवासाने थकलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या आजोबांना हे आधी घरीच सांगून ठेवा.

आता आईबाबांची गोष्ट.

त्यांचं कार्ड पटकन झालं. नागरिक असलेल्या मुलाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा नाही, आपल्यासारखी नोकरीतल्या ग्रीन कार्डची न संपणारी रांग नाही. कार्ड आलं तेव्हा सगळेच खूष. मग पंचांग सुरू झालं. आईच्या भिशीचा नंबर बदलून घ्यायचा, बाबांची सोसायटीची वार्षिक सभा चुकायची, गुडघ्यांना न्यूअर्कपर्यंतचा प्रवास वर्षातून दोनदा. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाईलवरूनही देता येतो, पण बाबांना त्यासाठी स्वतः बँकेत जायचं असतं. तिथे जुने सहकारी भेटतात, कोण गेलं, कोण राहिलं ते कळतं.

तीनेक वर्षांनी बाबा एकदा जेवताना म्हणाले, "अरे, तो ऑफिसर मला विचारतो, कुठे राहता? मी सांगतो, एडिसन. आणि तुझ्या गाडीत बसलो की पहिलं हिला विचारतो, घरचा गॅस बंद केलास ना? घर म्हणजे कुठलं घर ते आम्हा दोघांनाही विचारावं लागत नाही."

आई म्हणाली, "पण कार्ड सोडलं आणि उद्या यांना काही झालं तर? मी एकटी तिकडे..."

हे 'तर' खरं आहे, कुठल्याही फॉर्ममध्ये ते बसत नाही. त्यावर आम्ही दोन महिने बोललो. माझ्याकडून एवढंच सांगता येत होतं की उद्या खरंच इथे राहायला यायचं ठरलं, तर मुलाला पुन्हा अर्ज करता येतो. फी जाईल, वेळ जाईल, पण दार कायमचं बंद होत नाही. उलट खोटं उत्तर देताना पकडलं गेलं, तर पुढचं सगळंच अवघड होईल. आणखी एक हिशोब होता: शेवटच्या पंधरापैकी आठ टॅक्स-वर्षांत कार्ड हातात असेल, तर सोडताना एक्झिट टॅक्सचे नियम लागू शकतात. आठ व्हायच्या आत ठरवलेलं बरं.

शेवटी आईच म्हणाली, "सोडू या." दोघांनी पुण्याच्या जेवणाच्या टेबलावर आय-४०७ भरला आणि कार्डांसकट पाठवून दिला. मग साधा टुरिस्ट व्हिसा मागितला. गंमत बघा, आधी सिद्ध करायचं होतं की आम्ही अमेरिकेत राहतो, आता सिद्ध करायचं होतं की आम्ही भारतात राहतो. या खेपेला फाईल फुगवावी लागली नाही. फ्लॅट, पेन्शन, तीस वर्षांचा पत्ता, सगळं होतंच. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आता ते दोन-अडीच महिने येतात, कंटाळा यायच्या आत परत जातात.

प्रत्येकाने हेच करावं असं मुळीच नाही. माझ्या टीममधल्या एकाची आई इथे नातवंडांत पूर्ण रमलीय, लायब्ररीचं कार्ड, सिनियर सेंटर, सगळं आहे. तिने कार्ड जपायलाच हवं, आणि पुढे नागरिकत्वही घ्यावं. फक्त पुढचं तिकीट बुक करताना दिवस मोजण्याआधी एकदा आईवडिलांना विचारा, तुम्हाला राहायचंय कुठे? आणि त्यांचं उत्तर आपल्याला आवडलं नाही, तरी तिकीट त्या उत्तराप्रमाणेच काढा.