अंगणांतला दिवा

तिन्हीसांजा झाल्या कीं घरांतलें कोणी तरी उठावें, कंदिलाची कांच पुसावी, वात वर करावी, हा क्रम आमच्या कवठे येमाईच्या घरीं किती तरी वर्षें चालला. पुढें वीज आली आणि अलीकडे तर बटण दाबण्याचेंही काम उरलें नाहीं. अंगणांतला दिवा लावणें व मालवणें हें एका वाटाण्याएवढ्या डोळ्याकडे सोंपविलेलें आहे. त्या डोळ्यानें एका मार्गशीर्षांत जो घोळ घातला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

शहरांतल्या वाचकाला वाटेल कीं अंगणांतला दिवा बिघडला यांत सांगण्यासारखें तें काय? पण शिरूर तालुक्याच्या उत्तर भागांत हा प्रश्न तितका साधा राहिलेला नाहीं. कुकडी प्रकल्पाचें पाणी आलें आणि जेथें पूर्वीं बाजरीवर भागत असे तेथें ऊस उभा राहिला. उसामागून बिबट्या आला. वर्षभर माणूस सहसा आंत शिरत नाहीं अशी ती दाट सावली. मादी तेथेंच विते, पिलें तेथेंच वाढतात आणि कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन तोड आली कीं तीं बाहेर पडतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिंपरखेड व जांबूत या भागांत तीन माणसें बिबट्याच्या हल्ल्यांत गेलीं; त्यांत दोन लेंकरें होतीं. मी सांगतों तो मार्गशीर्ष त्याच वर्षींचा.

घरीं माझी थोरली वहिनी एकटी. वय सत्तरीपुढचें. "पुण्यास चला," म्हटलें कीं "आणि गाईचें काय करूं?" हें तिचें ठरलेलें उत्तर. गोठा अंगणापलीकडे, तीसेक पावलांवर. पहांटे पांचाला धारेसाठीं तीं तीस पावलें तिला चालावींच लागतात. एके रात्रीं तिचा फोन आला. "भाऊजी, फोकस डोळे मिचकावतो हो. मिनिटभर लागतो, मिनिटभर विझतो. तो विझला कीं मी आहें तेथेंच उभी राहतें." तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच मीं दुसऱ्या दिवशींची पहिली एस्. टी. धरली.

गांवच्या वायरमननें तोंवर एक डोळा बदलून पाहिला होता. जुन्या डोळ्याचें दुखणें निराळें होतें: दिवा भर दुपारींही जळत असे. तीस वॅटचा तो फोकस. दिवसाचे बारा तास व्यर्थ जळाला तर महिन्याला अकरा युनिटें होतात. तो जुना डोळा मीं उन्हांत धरून पाहिला. वरची प्लॅस्टिकची टोपी ऊन, धूळ आणि चुलीचा धूर खाऊन मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी पडली होती. आंतला जिन्नस शाबूत असावा. पण त्याच्यापर्यंत उजेडच पोंचत नव्हता, आणि म्हणून तो बिचारा दिवसालाही रात्र समजत होता.

हा जिन्नस मोठा मौजेचा आहे. 1873 मध्यें विलोबी स्मिथ नांवाचा इंग्रज तंत्रज्ञ समुद्राखालच्या तारायंत्राच्या दोऱ्या तपासण्यासाठीं सेलेनियमच्या कांड्या वापरीत होता. विजेला त्यांचा अडथळा कधीं जास्त तर कधीं कमी भरे. शेवटीं ध्यानांत आलें कीं कांडीवर उजेड पडला कीं अडथळा उतरतो. आपल्या अंगणांतल्या साध्या डोळ्यांत सेलेनियमऐवजीं बहुधा कॅडमियम सल्फाइडची नागमोडी रेघ असते, तत्त्व तेंच. उजेड आला कीं तिच्यांतून वीज सहज वाहते आणि आंतली कळ दिवा तोडते; अंधार झाला कीं वाट आंवळते आणि दिवा लागतो. ढगाच्या सावलीनें किंवा मोटारीच्या झोतानें फसूं नये म्हणून मध्यें थोडी सवडही ठेवलेली असते.

मग नव्या कोऱ्या डोळ्याला काय झालें? वायरमन म्हणाला, "व्होल्टेज कमीजास्त होतंय, काका." असेलही, पण त्या वेळीं घरांतले दुसरे दिवे स्थिर होते. भर दुपारीं मीं डोळ्यावर काळी पट्टी चिकटविली. थोड्या वेळानें दिवा लागला आणि पट्टी काढीपर्यंत अखंड जळत राहिला. म्हणजे डोळा निरोगी होता! संध्याकाळीं ओट्यावर बसून मी पाहत राहिलों. दिवा लागला आणि समोरची गोठ्याची भिंत लख्ख उजळली. दिवाळीला तिला चुना दिलेला होता. पूर्वीं तेथें मातकट भिंत आणि मिणमिणता पिवळा बल्ब होता. आतां पांढरी भिंत आणि एलईडीचा झोत. भिंतीवरून परतलेला तो उजेड थेट डोळ्यावर पडे. डोळ्यास वाटे, उजाडलें. तो दिवा मालवी. मालवतांच पुन्हां रात्र! आपल्याच दिव्याला सूर्य समजणारे लोक मीं नोकरींत पुष्कळ पाहिले होते, पण यंत्र प्रथमच पाहिलें.

उपाय सोपा होता. मेन बंद करून, टेस्टरनें तार निर्जीव असल्याची खात्री करून, वायरमननें डोळा काढला आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीखालीं बसविला. तेथें दिव्याचा उजेड पोंचत नाहीं, आणि मावळतीचें ऊनही फारसें लागत नाहीं. तारा तीनच: एक येणारी, एक दिव्याकडे जाणारी आणि एक न्यूट्रल.

दिव्यानें बिबट्या येत नाहीं असें मात्र मी कोणाला सांगणार नाहीं. उजेडाला तो सरावतो. दिव्याचा उपयोग इतकाच, कीं तो असला तर आपल्याला दिसतो. आणि त्याला पाहून चार पावलें मागें फिरतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. वनखात्याची माणसेंही घराभोंवतीं उजेड ठेवा म्हणतात, पण त्याबरोबर गोठा बंदिस्त करा हेंही सांगतात, आणि दुसरें तें अधिक महत्त्वाचें आहे.

वहिनीनें सगळें शांतपणें पाहून घेतलें आणि विचारलें, "उद्यां याच्या डोळ्यावर पाल बसली तर?" वायरमन हंसला. मी हंसलों नाहीं. पाल बसली तर दिवा दिवसा लागेल, तें परवडेल. पण पहांटे पांचाला डोळाच दगा देऊन दिवा विझला तर? म्हणून डोळ्याला वळसा घालणारें एक साधें बटण तिच्या उशाशीं बसवून घेतलें. तें दाबलें कीं डोळ्याला न विचारतां दिवा लागतो. आतां ती उठल्याबरोबर आधीं तें बटण दाबते, खिडकींतून अंगण नीट न्याहाळते आणि मगच कडी काढते.

गोठ्याला जाळी बसविणें बाकी आहे. लोहारानें माप नेलें आहे.